घरी स्वयंपाक करा, हे कोणी कोणाला सांगितलं?



आजचा विषय ऐकून काही जणी हसणार आहेत. लोकांनी घरी स्वयंपाक करावा म्हणून मोबाइलवर अ‍ॅप! आपली सकाळ-संध्याकाळ चुलीपुढे नाहीतर गॅसपुढे जाते, आणि आता फोनही सांगणार की बाई, घरी शिजव. पण आपल्या प्रभागसंघातल्या काही शिकलेल्या मुलींनी हे मनावर घेतलंय. बारकी पोरं पुडक्यातलं खाऊन पोट भरतात, जेवायला बसली की ताटातलं तसंच ठेवून उठतात. कामाला बाहेर गेलेली मुलं वडापाववर दिवस काढतात. त्यावर काही करावं, असं या मुलींचं म्हणणं. त्या मला विचारत होत्या, ताई, अ‍ॅपमध्ये काय काय असावं? मला संगणकातलं फारसं कळत नाही. इतिहासाची आवड आहे. म्हणून मी उलट्या टोकाकडून सुरुवात केली. याआधी लोकांना घरी स्वयंपाक करायला कोणी कोणी शिकवलं, आणि लोकांनी त्यांचं ऐकलं ते कशामुळे?

मराठीत पाककृतींचं पुस्तक पहिल्यांदा छापलं जाऊन आता दीडशे वर्षं झाली. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी 'सूपशास्त्र' लिहिलं. सूप म्हणजे आपलं पाखडायचं सूप नव्हे बरं का. संस्कृतात सूप म्हणजे वरण, आणि सूपशास्त्र म्हणजे स्वयंपाकाचं शास्त्र. लिहिणारा पुरुष होता, हे लक्षात घ्या. पुण्यात भिडेवाड्यात फुल्यांची मुलींची शाळा १८४८ ला सुरू झाली, म्हणजे हे पुस्तक आलं तेव्हा त्या शाळेला सत्तावीस वर्षं झाली होती. तरीही पुस्तक हातात धरून वाचू शकतील अशा बायका बोटांवर मोजण्याइतक्या. जिला स्वयंपाक येत होता तिला वाचता येत नव्हतं, आणि ज्याला वाचता येत होतं तो चुलीपुढे बसत नव्हता. त्या पुस्तकातून किती घरांत काय शिजलं असेल, देव जाणे. पण आईकडून लेकीला आणि सासूकडून सुनेला तोंडी जाणारी विद्या कागदावर उतरू शकते, हे त्याने दाखवलं.

त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. आता लिहिणारी बाई होती, आणि नावातच वाचणारी कोण ते सांगून टाकलं होतं. गृहिणीचा मित्र. मला हे नाव फार आवडतं. गुरू म्हटलं नाही, शास्त्र म्हटलं नाही. अ‍ॅपचं नाव शोधणाऱ्या मुलींनी हे नाव एकदा मोठ्याने म्हणून बघावं.

पण लाखभर घरांत पोचलं ते पुस्तक यायला आणखी साठ वर्षं जावी लागली. ते म्हणजे कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा', १९७० सालचं, किर्लोस्करांनी काढलेलं. कमलाबाईंचं शिक्षण चौथीपर्यंत. आपल्या गटांत सह्या करणाऱ्या कितीतरी जणींइतकंच. पुस्तकाच्या लाखावर प्रती खपल्या आणि लोक त्यांना 'लाखाची सुगरण' म्हणू लागले. लग्नात नव्या नवरीला हे पुस्तक भेट द्यायची पद्धत पडली.

आता प्रश्न असा, की हेच पुस्तक का? पाककृतींची पुस्तकं काय कमी होती? मला त्याचं उत्तर एका साध्या गोष्टीत दिसतं. त्या पुस्तकात माप वाटी-चमच्याने दिलेलं आहे.

ही गोष्ट किती मोठी आहे ते समजायला त्याआधीची दहा-पंधरा वर्षं बघावी लागतात. जुन्या बायकांना विचारा. धान्य मोजायला पायली, अडशेरी, मापटं, चिपटं. वजनाला शेर, पावशेर, छटाक, तोळा. आणि एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराला जुळेल याची खात्री नाही. मग १९५६ साली सरकारने वजनमापांचा कायदा केला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले. दुकानदाराच्या तागडीत ग्रॅम आले, पण स्वयंपाकघरात तागडी होती कोणाकडे? शेर गेला आणि ग्रॅम हाताला बसला नाही, अशा मधल्या अडचणीत बायका सापडल्या. त्यात घरं बदलत होती. नवरा नोकरीला शहरात, दोन खोल्यांचा संसार, सासू गावाकडे. भाजीत मीठ किती, पाकाला साखर किती, हे ओरडून विचारायला दुसऱ्या खोलीत कोणी नाही. पत्र टाकून उत्तर यायला आठवडा. अशा मुलीला पुस्तकाने सांगितलं, एवढ्या वाट्या पीठ घे, एवढे चमचे तेल घे. वाटी प्रत्येक घरात असते. लहान असो मोठी असो, सगळं त्याच एका वाटीने मोजलं की प्रमाण चुकत नाही. 'अंदाजाने घाला' म्हणणाऱ्या दहा सुगरणींपेक्षा 'अर्धी वाटी घाला' म्हणणारी एक बाई त्या मुलीच्या जास्त उपयोगी पडली.

लोकांनी घरी स्वयंपाक करावा असं वाटत असेल तर ते जिथे अडतात ती जागा आधी शोधावी लागते. पौष्टिक खा, घरचं खा, हे भिंतीवर लिहून कोणी चूल पेटवत नाही. १९७० च्या त्या मुलीचं मापाशी अडलं होतं. दुसऱ्या कोणाचं दुसरीकडे अडतं.

आता थोडं समुद्रापार जाऊ. रेडिओवरून घरोघरच्या बायकांना स्वयंपाक सांगायची रीत तिकडे आधी रुजली, आणि आपण रेडिओवाल्या आहोत तेव्हा आपली ती जुनी भावकीच म्हणायची.

अमेरिकेच्या सरकारला तिथले लोक लाडाने 'अंकल सॅम' म्हणतात, सॅमकाका. तर १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या शेतीखात्याने या काकांना एक बायको दिली, आंट सॅमी. आपण सॅमीकाकू म्हणू. ही काकू खरी नव्हती. शेतीखात्यात घरकामाच्या शास्त्राचा एक विभाग होता, तिथल्या बाया रोजचा मजकूर लिहीत. एक पाककृती, थोड्या गप्पा, डाग कसा काढायचा, उरलेल्याचं काय करायचं, असं सगळं. तो मजकूर देशभरच्या रेडिओ केंद्रांना पाठवला जाई आणि प्रत्येक ठिकाणी तिथलीच एक बाई सॅमीकाकू होऊन तो वाचे. म्हणजे मजकूर एक आणि आवाज जागोजागचा. ऐकणारीला वाटे, ही आपल्याच भागातली कोणी बोलतेय. रेडिओवरचं भराभर उतरून घेणं जमेना म्हणून लोकांनी छापील मागितलं. १९२७ साली काकूच्या पाककृतींचं पुस्तक निघालं, ते महिन्याभरात पुन्हा छापावं लागलं. आपलं हे बोलणंही मासिकात छापून येतं, ते काही नवीन नाही बघा, शंभर वर्षांपूर्वीची रीत आहे. पुढे १९३२ साली ते पुस्तक ब्रेलमध्येही निघालं, म्हणजे डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना बोटांनी वाचता येईल असं. तिथलं ते ब्रेलमधलं पहिलं स्वयंपाकाचं पुस्तक मानतात. ज्यांना दिसत नाही तेही स्वयंपाक करतात, हे त्या काळात कोणाच्या तरी डोक्यात आलं. आपल्या मुलींच्या अ‍ॅपच्या यादीत हे अजून आलेलं नाही.

त्याच देशात त्याच काळात आणखी एक बाई रेडिओवर स्वयंपाक शिकवत होती. बेटी क्रॉकर तिचं नाव. तीही खरी नव्हती, पण तिला जन्म दिला तो पिठाच्या कंपनीने. १९२१ साली कंपनीने एक कोडं छापलं, त्याच्या उत्तरांबरोबर स्वयंपाकाच्या शंका विचारणारी पत्रं आली. ढीगभर. उत्तराखाली पुरुषाची सही बरी दिसणार नाही म्हणून कंपनीने एक बाई कल्पिली. आडनाव निवृत्त झालेल्या एका संचालकाचं घेतलं, आणि सही कशी असावी यासाठी कंपनीतल्या बायकांकडून सह्या करून घेऊन त्यातली एक निवडली. १९२४ पासून ती रेडिओवर बोलायला लागली. लोकांना ती इतकी खरी वाटे की १९४५ साली एका मोठ्या मासिकाने तिला देशातली दुसऱ्या नंबरची लोकप्रिय बाई म्हटलं. पहिली कोण, तर राष्ट्राध्यक्षांची पत्नी एलिनॉर रूझवेल्ट. जी बाई नाहीच, ती दुसरी!

बेटीने वाईट शिकवलं असं मी म्हणणार नाही. पत्राला उत्तर मिळायचं, केक फुगायचा. पण तिच्या प्रत्येक केकात पीठ त्या कंपनीचं. सॅमीकाकूला काही विकायचं नव्हतं, बेटीला विकायचं होतं. ऐकताना दोघींचा आवाज सारखाच गोड. अ‍ॅप फुकट मिळतं तेव्हा हे ध्यानात ठेवायला हवं. पैसा कुठून तरी येतोच. उद्या एखादी मसाल्याची कंपनी म्हणाली, अ‍ॅपचा सगळा खर्च आम्ही करतो, फक्त प्रत्येक भाजीत आमचं पुडकं लिहा, तर काय करायचं? आपले गट स्वतः मसाले कांडून विकतात. त्यांचं काय? हे आधी बैठकीत ठरवावं, ठराव लिहून ठेवावा. पैसे हातात आल्यावर ठरवणं अवघड जातं.

इंग्लंडची गोष्ट वेगळी आहे. ती लढाईची आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे १९४० च्या जानेवारीत रेशन लागू झालं. लोणी, साखर, मांस सगळं मोजून. अंडं आठवड्याला एक, तेही मिळालं तर. त्या वर्षीच्या जूनपासून बीबीसीने 'किचन फ्रंट' नावाचा कार्यक्रम सुरू केला. स्वयंपाकघराची आघाडी, लढाईची असते तशी. रोज सकाळी सव्वाआठला, पाचच मिनिटं. वेळ बघा किती विचार करून निवडली होती. आठच्या बातम्या झालेल्या असत, आणि बाई पिशवी घेऊन दुकानाकडे निघायच्या बेतात असे. त्या आठवड्यात बाजारात बटाटा भरपूर आहे तर बटाट्याचंच काही, गाजर आहे तर गाजराचं. गर्ट आणि डेझी नावाने विनोदी बोलणाऱ्या दोन बहिणीही त्यावर येत आणि हसवता हसवता पदार्थ सांगत. लाखो लोक ऐकत.

या कार्यक्रमात पदार्थाच्या नावापासून सुरुवात होत नसे. घरात, बाजारात काय आहे, तिथून सुरुवात. आता आपल्या फोनमधली अ‍ॅपं बघा. त्यांत आधी रंगीत फोटो, मग वीस वस्तूंची यादी, त्यातल्या सात आपल्या गावच्या किराणा दुकानात मिळत नाहीत. बुधवारचा बाजार झाला की आपल्या घरात गवार, वांगी, मेथी. सोमवारपर्यंत उरतं काय, तर कांदा, लसूण, डाळ, आणि फार तर एखादं भोपळ्याचं फाक. सोमवारी संध्याकाळी बाईला पडतो तो प्रश्न हा, की आता आमटी कशाची? त्या वेळी ज्याने उत्तर दिलं ते अ‍ॅप फोनात राहील, बाकीची पुसली जातील.

आता जपान. फोनवरच्या स्वयंपाकाची गोष्ट खरी तिथे घडली, म्हणून तिथे जायचं.

तिथल्या सार्वजनिक वाहिनीवर १९५७ पासून 'आजचा स्वयंपाक' अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम आजतागायत चालू आहे. त्यात एक गमतीची गोष्ट आहे. सुरुवातीला माप देत ते पाच माणसांचं. १९६५ पासून चार माणसांचं देऊ लागले. २००९ पासून दोन माणसांचं. माणसं म्हातारी झाली, मुलं लांब गेली, कितीतरी घरांत एकटंच कोणी राहू लागलं, हा सगळा देशाचा इतिहास त्या एका आकड्यात उतरलाय. आपल्याकडे काय वेगळं आहे? कितीतरी घरांत आता आजी-आजोबा दोघंच. दोघांसाठी कोण पुरणपोळीचा घाट घालतं? कमी माणसांचा स्वयंपाक करायचा कंटाळा येतो, आणि तिथेच बिस्किटाचा पुडा आणि चहा जेवणाची जागा घेतो.

त्याच देशात १९९७ साली अकिमित्सू सानो नावाच्या तरुणाने कंपनी काढली, आणि पुढच्या वर्षी एक जागा सुरू केली जिथे कोणीही आपली पाककृती लिहू शकेल. तिचंच नाव पुढे कुकपॅड झालं. आधी संगणकावर, मग फोनवर. यात शिकवणारा एक आणि ऐकणारे हजार असं नव्हतं. शेजारणीने वाटीत झाकून काही आणून द्यावं आणि आपण विचारावं, कसं केलंत वहिनी? त्यातलाच प्रकार, फक्त देशभर पसरलेला.

तिथे एक गोष्ट त्यांनी फार हुशारीने केली. एखादीने दुसरीची पाककृती करून पाहिली, की फोटो काढायचा, दोन ओळी लिहायच्या आणि त्या पहिलीला पाठवायच्या. त्याला त्यांनी 'त्सुकुरेपो' नाव दिलं, म्हणजे 'करून पाहिलं, त्याची खबर'. 'तुमचं कारलं केलं, मुलाने खाल्लं', एवढंच. मैत्रिणींनो, रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला काय मिळत नाही हे तुम्हाला मी सांगायला हवं का? जेवून उठताना कोणी चांगलं झालं म्हणत नाही. मीठ जास्त झालं की मात्र लगेच समजतं. त्या दोन ओळींनी बायका पुन्हा पुन्हा लिहू लागल्या. लाखो पाककृती जमल्या. भर होता तेव्हा जपानमध्ये महिन्याला सहा कोटींच्या आसपास लोक ते बघत. त्या देशाची लोकसंख्याच बारा-तेरा कोटी आहे.

मग ते उतरलंही. ढीग इतका झाला की चांगलं कुठलं ते शोधता येईना. जास्त लोकांना आवडलेलं वर दिसायला हवं असेल तर दरमहा पैसे भरा, असा त्यांचा नियम. २०१६ च्या सुमाराला मिनिटभराचे फुकट व्हिडिओ दाखवणारी दुसरी अ‍ॅपं आली आणि लोक तिकडे वळले. २०२३ साली कुकपॅडला माणसं कमी करावी लागली. ही उतरणही मुलींनी अभ्यासावी, नुसता चढ बघू नये. जे बायकांनी फुकट लिहून दिलं, ते शोधून द्यायचे पैसे लागले. लोकांना ते खटकलं असेल तर मला नवल वाटत नाही.

आपल्याकडे फोनवरचा स्वयंपाक आला तो मुख्यतः व्हिडिओतून. तेव्हा अमेरिकेत राहणाऱ्या मधुरा बाचल यांनी २००९ साली सुरू केलं, आज मराठी घरांत त्यांचं नाव माहीत नाही असं घर कमी. पण मला सांगायचंय ते नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांच्याबद्दल. सत्तरी ओलांडलेल्या आजी. नातवाने पावभाजी मागितली, फोनवर पावभाजीचे व्हिडिओ दाखवले. आजींनी बघितलं आणि म्हणाल्या, याच्यापेक्षा चांगली मी करते. तिथून २०२० साली 'आपली आजी' ही वाहिनी सुरू झाली आणि लाखो लोक बघायला लागले. बेटी क्रॉकर कंपनीने बनवलेली होती. ही आजी आहे, तिचा गाव आहे, तिचा पाटा-वरवंटा आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांची वाहिनी कोणीतरी फोनवरून चोरली, म्हणजे पासवर्ड फोडून ताबा घेतला. काही दिवसांनी ती परत मिळाली, पण त्या दिवसांत आजींची काय अवस्था झाली असेल! आपण बँकेचं खातं दोघींच्या सहीशिवाय हलू देत नाही. पासवर्डलाही तोच नियम लावायला हवा. 'पोराला माहीत आहे' हे उत्तर चालायचं नाही.

आता थोडं कडू बोलते. छापील पुस्तकांत बहुतेक शहरातल्या, बऱ्या परिस्थितीतल्या घरांचा स्वयंपाक आला. हुलग्याचं माडगं, शेंगोळी, ज्वारीच्या कण्या, आंबील, पाथरीची भाजी, वाळवून ठेवलेल्या भाज्या, सुकटीची चटणी, हे त्यात शोधायला गेलं तर कोपऱ्यात कुठे तरी सापडतं. काही जातींचं खाणं तर लिहिण्याजोगं मानलंच गेलं नाही. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावर 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' लिहिलं ते २०१५ साली. 'सूपशास्त्र'नंतर एकशे चाळीस वर्षांनी! दुष्काळात लोक काय खाऊन जगले, टाकून दिलेल्यातून काय शिजवलं, हे ज्या बायकांना माहीत होतं त्यातल्या कितीतरी आता राहिल्या नाहीत. अ‍ॅपमध्ये पनीर आधी घालायचं की माडगं, हा नुसता चवीचा प्रश्न नाही. पनीर जगभर सगळ्यांनी लिहून ठेवलंय. माडगं सांगणारी आजी आपल्या वस्तीवर आहे आणि तिला लिहिता येत नाही. म्हणून लिहायला लावू नका, बोलू द्या. फोनला तोंड लावून पाच मिनिटं बोलणं कोणालाही जमतं, आपल्या या रेडिओवर कितीतरी जणी बोलून गेल्या. आणि खाली तिचं नाव यायला हवं, गटाचं नाव नंतर.

शेवटचा मुद्दा आमच्या घराघरांत खटके उडवणारा आहे, तरी बोलते. 'घरी स्वयंपाक करा' हे या दीडशे वर्षांत जवळजवळ सगळ्यांनी बाईलाच सांगितलं. गृहिणीचा मित्र, लग्नातली भेट, सॅमीकाकू, बेटी, सगळ्यांचं तोंड तिच्याकडे. २०१९ साली सरकारने देशभर पाहणी केली, कोणाचा वेळ कशात जातो याची. तेव्हा घरकामाला बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. पाच तासाला एक मिनिट कमी. पुरुषांत घरकामाला हात लावणारे शंभरात सव्वीस, आणि जे लावतात त्यांची ९७ मिनिटं. या बाईला आणखी एक सूचना वाजवणारं अ‍ॅप देऊन काय साधणार? तिला स्वयंपाक येतो. ज्याला येत नाही तो दुसरीकडे आहे.

तो चाकणला आहे, रांजणगावला आहे. आपलेच मुलगे. एका खोलीत चौघं, पाळी बदलती, कंपनीतून यायला रात्रीचे बारा. एक गॅसची शेगडी, एक कुकर, दोन पातेली. मेसचे पैसे परवडत नाहीत, वडापाव खाऊन पित्त झालेलं. आईला फोन करून विचारतो, आई, डाळीला पाणी किती? आई म्हणते, घाल अंदाजाने. आणि अंदाज त्याला कोणी शिकवलेलाच नाही, कारण बहीण पाट्यावर चटणी वाटत असताना तो बाहेर खेळत होता. १९७० सालची दोन खोल्यांतली ती नवी नवरी आठवते का? तिच्या जागी आज हा उभा आहे. माझं मत विचाराल तर अ‍ॅप याच्यासाठी करावं. चार भांड्यांत होणारी वीस जेवणं, आईच्या आवाजात, आमच्या बोलीत. भात, पिठलं, मुगाची डाळ, शेंगदाण्याची आमटी, अंड्याचं कालवण, भाकरी नाही जमली तर चपाती, तीही नाही जमली तर खिचडी. आणि केल्यावर फोटो काढून त्याने आईला खबर द्यायची, करून पाहिलं म्हणून. तेवढं झालं तर आई पुढची कृती सांगायला आपणहून बसेल.

मुली म्हणतात, ताई, मग घरातल्या पोरांचं काय, जी पुडकी खातात? त्यांच्यासाठी अ‍ॅप लागतं असं मला वाटत नाही. त्यांना पिठात हात घालू द्यावा, पुरीला बोटांनी आकार देऊ द्यावा, मुलग्यांनाही. जे स्वतः केलं ते पोर सहसा टाकत नाही. पण यावर मुलींचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही, त्यांना त्यात खेळ घालायचाय. घालू द्या.

एक काम मात्र सगळ्याच गटांनी करायचंय. येत्या मासिक बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरातली रोजची वाटी घेऊन यायची. आमटीची वाटी असते ना, तीच. सगळ्या वाट्यांत एकाच मापाने पाणी ओतून बघायचं, कोणाच्या वाटीत किती मावतं ते सचिवांनी वहीत लिहून घ्यायचं आणि माझ्याकडे पाठवायचं. ज्या गटाची बैठक दहा तारखेच्या आत असेल त्यांचं आधी येईल. आवाजाची पहिली कृती रेकॉर्ड करण्याआधी आपल्या भागातली वाटी केवढी, हे मुलींना कळायला हवं.